साथ : संबळ, तुणतुणे, झांज

मराठीच्या प्राध्यापकाने हार्ड रॉक संगीतावर लिहावे, तेही कोल्हारसारख्या गावात बसून, हे थोडे विचित्र वाटेल याची मला जाणीव आहे. आमच्या गावात एका बाजूला भगवतीमातेचे देऊळ, दुसऱ्या बाजूला प्रवरेचा पूल आणि मधून नगर-मनमाड रस्ता. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे लागलेल्या टेपरेकॉर्डरांवर जे वाजते तेच येथले सार्वजनिक संगीत. या गावात लेड झेपेलिन हे नाव उच्चारून संभाषण पुढे नेता येईल अशी माणसे माझ्या माहितीत दोन आहेत. त्यांपैकी एक मी स्वतः आहे आणि दुसरा माझा पुतण्या, जो हे नाव केवळ माझे मन राखण्यासाठी ऐकून घेतो. असो.

मागच्या दिवाळीत एका जुन्या मित्राने एक खोका पाठवला. एम.ए. करीत असताना, म्हणजे 2001 ते 2003 या काळात, आम्ही पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि हौशी गिटारवादक; मी ज्ञानेश्वरी, शाहिरी काव्य आणि भाषाविज्ञान यांत बुडालेला. रात्री तो कॅसेट लावायचा. माझे इंग्रजी त्या काळी इतके कच्चे होते की गाणारा माणूस काय म्हणतो यातले चार शब्दही कळत नसत. त्यामुळे मी गिटार ऐकत राहिलो. त्या गिटारवादकाचे नाव जिमी पेज. पुढे मित्र परदेशी गेला, गिटार घरी राहिली, कॅसेटींना बुरशी लागली. आता घर बदलताना त्याने आपल्याजवळचा संच मला दिला. खोक्यावर चिठ्ठी होती : ‘तुझ्याकडे असू दे. मी आता मोबाइलवरच ऐकतो.’

खोक्यात लेड झेपेलिनचे नऊही स्टुडिओ आल्बम होते, पेजने 2014 आणि 2015 मध्ये स्वतःच्या देखरेखीखाली नव्याने सिद्ध केलेल्या विस्तारित आवृत्तीत. मूळ आल्बमबरोबर एक जोडतबकडी, आणि तिच्यावर त्याच गाण्यांचे आधीचे खर्डे, वेगळी मिश्रणे, टाकून दिलेले प्रयत्न. आपल्या परिभाषेत सांगायचे तर मूळ संहिता आणि तिचे पाठभेद. घरी तबकडी वाजवणारे यंत्र उरलेले नाही. महाविद्यालयाच्या भाषा प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकाला मात्र तबकडीची खाच अजून आहे. तास संपल्यावर तासभर तेथे बसायचे, विद्यार्थ्यांनी उच्चार सुधारावेत म्हणून घेतलेले हेडफोन कानाला लावायचे आणि ऐकायचे, असा माझा क्रम दोन-अडीच महिने चालला. शिपाई दार लोटून घेताना विचारी, ‘सर, अजून इंग्रजीचाच अभ्यास चाललाय का?’ मी हो म्हणे.

विशीत ऐकलेले पंचेचाळिशीत पुन्हा ऐकताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, तेव्हा मी फार कमी ऐकले होते. कॅसेटवर ढोलांचा आणि बास गिटारचा सगळा भाग एका घुमणाऱ्या ढिगासारखा येत असे आणि त्यावर पेजची गिटार उभी राही. आता तो ढीग वेगवेगळा झाला. पहिला आल्बम जानेवारी 1969 मध्ये आला. त्याचे ध्वनिमुद्रण त्याआधीच्या शरदात लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत झाले आणि त्याला एकूण छत्तीसेक तास लागले असे पेज सांगत आला आहे. गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवून काढलेले ते घोगरे, लांबट स्वर मला आठवत होते. त्यांच्याखाली जॉन पॉल जोन्सचा बास किती शांतपणे जमीन धरून आहे हे मात्र आता कळले. चौथ्या आल्बममधले शेवटचे गाणे, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, हे तर मी जवळजवळ नव्यानेच ऐकले. जॉन बोनमचे ढोल हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या प्रवेशदालनात मांडले होते आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते. त्यामुळे ढोलाबरोबर त्या घराच्या भिंती, जिना आणि मधली पोकळीही ऐकू येते. पेज या सर्व आल्बमांचा निर्माता होता. वाद्य आणि मायक्रोफोन यांच्यामधल्या अंतरातून संगीताला खोली मिळते, ही त्याची धारणा.

पंचवीस वर्षांपूर्वी मी ज्याला एका माणसाची कला समजत होतो, ती अशी चार माणसांची निघाली. यात नवे काहीच नाही, कोणताही जाणकार हे सांगेल. माझ्या पुढच्या अस्वस्थतेची सुरुवात मात्र येथून झाली, म्हणून त्याचा उल्लेख केला.

खोक्यातल्या पुस्तिका वाचण्याची मला सवय लागली. आपल्या पेशाचा हा दोष आहे. ग्रंथ हातात आला की आपण आधी श्रेयनामावली आणि आवृत्तीचे साल पाहतो. पहिल्या आल्बमवरचे एक गाणे, ‘बेब, आय अ‍ॅम गॉना लीव्ह यू’, मूळ आवृत्तीत ‘पारंपरिक’ म्हणून दिले होते, पुढे ‘रचना : पेज’. पेजने ते जोन बाएझच्या 1962च्या ध्वनिमुद्रणावरून घेतले होते. प्रत्यक्षात ते अ‍ॅन ब्रेडन नावाच्या एका अमेरिकन स्त्रीने 1950च्या दशकात लिहिलेले गाणे. ती बाई हयात होती. तिला आपले गाणे जगभर वाजते आहे याचा पत्ता 1980च्या दशकात लागला, आणि 1990 पासूनच्या आवृत्त्यांत तिचे नाव येऊ लागले. दुसऱ्या आल्बमवरचे सर्वांत गाजलेले गाणे, ‘होल लॉटा लव्ह’. त्यातला बराचसा शब्दांश विली डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायलेल्या ब्लूज गीतातून आलेला. डिक्सनने 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली, आणि त्याचे नाव पुढे श्रेयात आले. ज्या गाण्यावर पेजने गिटारला गज लावला ते जेक होम्स या गायकाचे. त्याने 2010 मध्ये दावा केला आणि त्यानंतर ‘जेक होम्स यांच्यावरून प्रेरित’ असे शब्द छापले जाऊ लागले. हेडली ग्रेंजच्या जिन्यात घुमलेल्या गाण्यापुढे मेम्फिस मिनीचे नाव आहे. तिने आणि कॅन्सस जो मॅकॉयने ते 1929 मध्ये ध्वनिमुद्रित केले होते.

एखादा ग्रंथ पुन्हा छापला जातो तेव्हा आपण ‘सुधारित आवृत्ती’ असे लिहितो. या संचात आवाजाची सुधारणा झालीच आहे. तिच्याहून मोठी सुधारणा मला या नावांच्या यादीत दिसली. गाणी तीच आहेत, त्यांच्या मागे उभी असलेली माणसे मात्र आवृत्तीगणिक वाढत गेली. काही कोर्टाच्या दारातून आली, हेही खरे.

चौथ्या आल्बमची कथा याहून विलक्षण आहे. नोव्हेंबर 1971 मध्ये तो निघाला तेव्हा त्याच्या वेष्टनावर आल्बमचे नाव नव्हते आणि बँडचेही नव्हते. चार वादकांची चार चिन्हे आत दिलेली, बस्स. संगीताने स्वतःच्या बळावर उभे राहावे अशी पेजची इच्छा होती. त्या निनावी वेष्टनावर एका म्हाताऱ्याचे चित्र आहे. पाठीवर काटक्यांचा भारा, कमरेत वाकलेला, हातात काठी. रॉबर्ट प्लांटला ते एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाले असे सांगतात. हा म्हातारा कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही कोणाला वाटली नव्हती. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रायन एडवर्ड्स या इंग्लिश अभ्यासकाला एका व्हिक्टोरियन छायाचित्रसंग्रहात मूळ छायाचित्र सापडल्याचे जाहीर झाले. छायाचित्रकार अर्नेस्ट फार्मर, साल 1892, खाली टीप : विल्टशायरमधला छपरे शाकारणारा. पुढच्या शोधातून असे दिसले की तो मिअर गावचा लॉट लाँग असावा, मृत्यू 1893. ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक होते त्यांनी ते मुद्दाम झाकले. ज्याचे कोणालाच ठाऊक नव्हते त्याचे बावन्न वर्षांनी उघडे झाले.

आपले नाव स्वतः उतरवून ठेवणे आणि दुसऱ्याचे नाव लिहिण्याचेच राहून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरवर पाहता दोन्हींचे फळ एकच, कोरी जागा. म्हणून त्यांची गल्लत होते. ही गल्लत मी स्वतः केली आहे, तिच्याकडे येतोच.

त्याआधी मुंबईकडे वळावे लागेल. संचातला शेवटचा आल्बम ‘कोडा’. बोनम 25 सप्टेंबर 1980 रोजी वारला आणि बँड मोडला. त्यानंतर 1982 मध्ये उरलेसुरले ध्वनिमुद्रण एकत्र करून हा आल्बम काढला गेला. लोकांच्या लेखी तो सर्वांत दुबळा. जुलै 2015 मध्ये तो तीन तबकड्यांचा होऊन आला. त्याच्या जोडतबकड्यांवर दोन गाणी आहेत ज्यांच्यापुढे कंसात ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असे लिहिलेले आहे. ऑक्टोबर 1972 मध्ये जपानचा दौरा आटोपून पेज आणि प्लांट मुंबईत उतरले होते. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’मध्ये ते एका रात्री वाजवून-गाऊन गेले ही आठवण मुंबईचे जुने रसिक सांगत आले आहेत. त्याच मुक्कामात त्यांनी येथल्या वादकांना बरोबर घेऊन आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. एक ‘फ्रेंड्स’, तिसऱ्या आल्बमवरचे. दुसरे ‘फोर स्टिक्स’, चौथ्या आल्बमवरचे. बोनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवले होते, म्हणून ते नाव. मुंबईत ते ‘फोर हँड्स’ झाले, चार हात. जवळजवळ 43 वर्षे ही ध्वनिफीत अधिकृतपणे कोणी ऐकली नाही. चोरट्या प्रतींतून ऐकणारे ऐकत होते, तेवढेच.

भाषा प्रयोगशाळेत बसून मी ते ऐकले तेव्हा अंगावर काटा आला हे कबूल करतो. मूळ गाण्यात पाच आणि सहा मात्रांची जी ओढाताण आहे, तिच्याशी इंग्रज ढोलवादक झगडतो आहे असे मला नेहमी वाटत असे. येथे तबल्यावर तीच लय आली आणि तिच्यातला झगडा संपला. आपल्याकडे पाच मात्रांत चालणे हे काही साहस नव्हे. तंतुवाद्ये एका सुरात उतरतात, त्यात हिंदी चित्रपटाच्या वाद्यवृंदाचा ओळखीचा गंध आहे. मधोमध पेजची साधी गिटार पाहुण्यासारखी बसली आहे. प्रयोग पूर्ण जमला आहे असे मी म्हणणार नाही. कोठे कोठे दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत थांबल्यासारख्या वाटतात. पण ते थांबणे खरे आहे. याच दोन गाण्यांकडे पेज आणि प्लांट 1994 मध्ये पुन्हा वळले, या वेळी इजिप्तच्या वादकांसह. म्हणजे मुंबईत जे अर्धे राहिले ते त्यांच्या मनात बावीस वर्षे होते.

पण तो तबला कोणाचा? गाण्यांच्या यादीत ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढेच आहे. एका शहराचे नाव आणि एक समूहवाचक नाम. त्याच मुंबईत, जानेवारी 1968 मध्ये, जॉर्ज हॅरिसनने एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’चा भारतीय भाग ध्वनिमुद्रित केला होता. त्या आल्बमच्या वेष्टनावर आशिष खान, महापुरुष मिश्र, शंभू दास अशी वादकांची नावे आहेत. तेव्हा ती लिहिता येत नव्हती असे नाही. आपण स्वतः मात्र या बाबतीत पेजला नावे ठेवण्याच्या स्थितीत नाही. हिंदी आणि मराठी चित्रपटगीतांच्या हजारो तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार आहेत. व्हायोलिन, ट्रंपेट, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे गोव्याचे आणि मुंबईचे शेकडो वादक नाहीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादकाचे नाव देशाला ठाऊक झाले ते 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका विनोदी गाण्यामुळे. त्यांचा शिष्य प्यारेलाल त्या चित्रपटाचा संगीतकार होता म्हणून ते साधले.

यात एक गंमत अशी की पेज स्वतः तरुणपणी असाच निनावी वादक होता. लेड झेपेलिनच्या आधी, 1960च्या दशकाच्या पूर्वार्धात, तो लंडनच्या स्टुडिओंत भाड्याने गिटार वाजवत असे. ‘गोल्डफिंगर’ चित्रपटाच्या शीर्षकगीताच्या ध्वनिमुद्रणाला तो होता. द हू या बँडच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यात त्याची गिटार आहे. अशा कितीतरी तबकड्यांवर तो ऐकू येतो आणि दिसत नाही. आज अभ्यासक त्यांची यादी करतात, कारण पुढे तो जिमी पेज झाला. जे पुढे कोणीच झाले नाहीत त्यांची यादी कोण करणार?

हा प्रश्न मी दुसऱ्याला विचारत होतो तोवर ठीक होते.

2006 मध्ये मी एम.फिल.साठी गोंधळाच्या कथनरचनेवर काम करीत होतो. कोल्हारमध्येच एका घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. मी छोटा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो आणि रात्रभराचे आख्यान तीन कॅसेटींवर उतरवले. त्या आख्यानाची संहिता प्रबंधाच्या परिशिष्टात आहे. मार्गदर्शकांनी तिचे कौतुक केले, पुढे त्यावर माझे दोन निबंधही छापून आले. बोनमचे ढोल ऐकता ऐकता मला एके दिवशी त्या परिशिष्टाचे पहिले पान आठवले. घरी आल्यावर कपाटातून प्रत काढून पाहिले. माझ्या हस्ताक्षरावरून टंकलेखकाने टाइप केलेल्या चार ओळी होत्या. आख्यान : पारंपरिक. निवेदन : गोंधळी नाईकांचे पूर्ण नाव, वय, गाव. साथ : संबळ, तुणतुणे, झांज. संकलन : माझे नाव, पदवीसकट.

साथ करणाऱ्यांच्या जागी मी वाद्यांची नावे लिहिली होती.

हे वाचून एक सहकारी म्हणाले की लोकसाहित्यात व्यक्तीपेक्षा समूह महत्त्वाचा, हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतो, तेव्हा यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे. त्यांचे म्हणणे पुस्तकी अर्थाने चूक नाही. पण मग मी नाईकांचे नाव का दिले होते? आणि माझे? समूहाचा सिद्धान्त मी फक्त संबळवाल्यापुरता लावला होता.

शिवाय आपल्या नदीने आपल्याला वेगळे शिकवले आहे. प्रवरेच्या वरच्या अंगाला संगमनेर. तेथला अनंत फंदी शाहीर म्हणून इतिहासात आहे, पण त्याच्या फडातले मलिक फंदी आणि रतन फंदी हेही परंपरेने लक्षात ठेवले. होनाजी शिलारखाने रचना करी आणि बाळा करंजकर गाई. लावणीच्या मुद्रेत मात्र ‘होनाजी बाळा’ असे दोघांचे जोडनाव आले, इतके की पुष्कळांना तो एकच माणूस वाटतो. आणि कोल्हारहून खाली, याच पाण्यावर, नेवासे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, तेथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि तिच्या अखेरीला लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नाव आदराने नोंदले गेले. सांगणाऱ्याने सांगितले, तरी लिहून घेणारा विसरला गेला नाही. मी हे दरवर्षी वर्गात शिकवतो. संगमनेर आणि नेवासे यांच्यामधल्या गावात बसून मी ‘साथ : संबळ’ असे लिहिले.

त्या तीनही कॅसेटी शाबूत होत्या. तालुक्याच्या गावी एका छायाचित्रकाराकडून त्या मोबाइलवर उतरवून घेतल्या आणि पुन्हा भाषा प्रयोगशाळेत बसलो. प्रबंध लिहिताना मी या कॅसेटी निदान वीस वेळा ऐकल्या असतील, पण शब्द टिपण्यासाठी. इंग्रजी गाण्यातले शब्द कळत नसत म्हणून मी वाद्य ऐकले होते. गोंधळातले शब्द कळत होते म्हणून मी वाद्य ऐकलेच नव्हते. या वेळी शब्द सोडून दिले. आख्यान जेथे कथेचे वळण घेते तेथे संबळ एक ठोका आधीच वळतो. नाईक दमतात, त्यांचा श्वास तुटतो, तेव्हा तो ती फट भरून काढतो आणि त्यांना पुन्हा वर उचलतो. मी ‘कथनातील विराम’ म्हणून ज्यावर एक सबंध प्रकरण लिहिले, त्यातले निम्मे विराम मुळात विराम नव्हते. तेथे संबळ बोलत होता. तेव्हा चूक केवळ सौजन्याची नव्हती. प्रबंधातला निष्कर्षही त्यामुळे अर्धवट राहिला.

दुसऱ्या कॅसेटच्या मध्यावर माझा स्वतःचा आवाज आला. पंचविशीतला, घाईचा. ‘संबळ जरा हळू वाजवा ना, शब्द नीट येत नाहीत.’ क्षणभर शांतता. मग एक आवाज, शांतपणे : ‘हळू वाजवला की तो संबळ राहत नाही, सर.’ कोणीतरी हसते. पुढे वीसेक मिनिटे संबळ खरोखरच हळू आहे. आणि ती वीस मिनिटे आख्यान पडलेले आहे. नाईकांचाही जीव त्यात नाही. हे मला एकोणीस वर्षांनी कळले.

नाईक वारले आहेत. त्यांचा मुलगा मालवाहू गाडी चालवतो. त्याने डोके खाजवत सांगितले, ‘संबळावर ना? ते पलीकडचे होते, खुर्दचे. घर दावतो, चला.’ पूल ओलांडून आम्ही कोल्हार खुर्दला गेलो. संबळवाले 2013 मध्येच गेले होते. मुलगा घरी होता, माझ्याच वयाचा. मी कोण, कशासाठी आलो, हे सांगताना माझी जीभ अडखळली. प्रबंध, परिशिष्ट, श्रेय हे शब्द त्या ओसरीवर फार लांबचे वाटत होते. शेवटी मी मोबाइल काढला आणि ते एकच वाक्य लावले.

त्याने ते ऐकले, पुन्हा लावायला सांगितले आणि आत हाक मारली, ‘आई, ये की भाईर.’ म्हातारी दारात येऊन उभी राहिली. तिने तिसऱ्यांदा ऐकले. ‘हा, असंच बोलायचे,’ एवढेच म्हणाली आणि खाली बसली. घरात त्यांचा फोटो होता, पण आवाज कोठेच नव्हता. मुलाने विचारले, ‘सर, हे इतकी वर्सं तुमच्याकडंच होतं?’ त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. मी हो म्हणालो. दुसरे उत्तर नव्हते.

सगळे ध्वनिमुद्रण मी त्याच्या मोबाइलवर दिले. तुणतुणे आणि झांज कोणाची होती हेही त्यानेच सांगितले. झांजवाले हयात आहेत, राहात्याला लेकीकडे असतात. या लेखात ही तीन नावे लिहू का, असेही मी विचारले. तो थोडा थांबला. ‘पुस्तकात लिहा सर, जिथं राहिलं तिथं. बाकी कशाला?’ म्हणून ती येथे दिलेली नाहीत. नाव गाळण्याचा हक्क मला नव्हता, तसा ते हवे तेथे लावण्याचाही नाही.

आमच्या ग्रंथपालांचा नियम असा की पुस्तकात पेनाने काही लिहायचे नाही, मग ते स्वतःचे का असेना. तो योग्यच आहे. तेव्हा एक लहान कागद टाइप करून घेतला : शुद्धिपत्र, पृष्ठ 143, ओळ 3, ‘साथ’ या शब्दापुढे पुढीलप्रमाणे वाचावे. खाली तीन नावे, प्रत्येकापुढे वाद्य. त्याखाली आणखी एक ओळ, की प्रकरण चारमधील विरामांविषयीची मांडणी संबळाचा विचार न करता केलेली आहे आणि ती फेरतपासणीस पात्र आहे. ग्रंथपालांनी तो कागद आतल्या पानावर चिकटवला आणि शिक्का मारला.

त्या संध्याकाळी मी ‘फोर हँड्स’ पुन्हा ऐकले. यादीत अजून ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’च आहे. चार हातांपैकी दोन पेजचे धरले तर उरलेले दोन कोणाचे, हे एखाद्या घरात आजही सांगता येत असेल. प्रबंधाची दुसरी प्रत पुण्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. शुद्धिपत्राचा एक कागद माझ्या पिशवीत आहे. पुढच्या महिन्यात परीक्षेच्या कामासाठी जायचे आहे, तेव्हा तेथे विचारून पाहीन.